आधी मत, मग पुढचा भाग

५ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

पाकिटातून पुस्तकाचा पाव तुकडा निघाला म्हणून पोस्टाला बोल लावू नकोस. तो मीच उसवलाय. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायला येतात, त्यातलंच हे एक. इतक्या हातांतून गेलंय की पाठ मोडली, पुठ्ठा गळाला, नाव छापलेलं पहिलं पानही गेलं. वाचनालयानं नवी प्रत घेतली आणि ही माझ्या पदरात टाकली. तिथल्या बाई सांगत होत्या की या कादंबरीवरून दोन जिवलग मैत्रिणींचं बोलणं बंद झालंय. एक म्हणते बायको खोटारडी, दुसरी म्हणते नवरा राक्षस. म्हटलं, आपण नणंद-भावजय आहोत, आपल्याला भांडायला कारणही लागत नाही, तरी एक असू दे.

नियम ऐक. पुस्तकाचे मी चार भाग केलेत. प्रत्येक भाग आधी मी वाचणार, मग तुला पाठवणार. तू वाचून मत लिहायचं आणि मतासोबत तो भाग परत करायचा. आधी मत, मग पुढचा भाग. शेवटचं पान पहिल्यांदा वाचायची तुझी खोड बापूनं मला सांगितली आहे, भाऊ माझा ना तो, म्हणून एवढा बंदोबस्त.

हे सगळं फोनवर करता आलं असतं, पण कटिंग मशीनशेजारी आयुष्य गेल्यावर माझ्या कानांचं काय झालंय ते तुला ठाऊक आहे. शिवाय शाळा सोडल्यापासून तुला दिवस खायला उठतो असं बापू म्हणाला. तेव्हा हा अभ्यास घे.

आता माझं मत. पहिला भाग बायको सांगते. नवं लग्न, नवं घर, काळजी घेणारा नवरा. आणि हिला वाटतं की घरातल्या वस्तू आपोआप जागा बदलतात. कात्री शिवणाच्या डब्यात ठेवली तर सापडते न्हाणीघरात. नवरा शांतपणे म्हणतो, तूच ठेवलीस. मला विचारशील तर बाई खोटं बोलते. एक तर तिला लक्ष वेधून घ्यायचंय, नाहीतर तिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. अशा बायका मी पाहिल्यात. आमच्या शिवण विभागातच दोन आहेत.

बापूला म्हणावं, डबा वेळेवर खात जा.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुमचा पाव तुकडा दोन दुपारींत संपवला. परत पाठवते आहे. कोपरे दुमडलेले नाहीत, तपासून घ्या.

माझं मत तुमच्या उलट आहे, म्हणजे खेळ जमला. मला ती बाई खरी वाटते. कारण सांगते. वर्गात पोरं खोटं बोलायची तेव्हा खूप सविस्तर बोलायची. वही कुत्र्यानं नेली, कुत्रा तपकिरी होता, त्याचा एक कान फाटका होता. खरं सांगणारं पोर मात्र अडखळायचं, कारण आपलं कुणाला पटेल असं त्याला स्वतःलाच वाटत नसायचं. ही बाई अडखळते. आणि दुसरं, ती चूक व्हायच्या आधीच माफी मागते. नवरा घरात येतो, अजून काही बोललेला नाही, आणि ती म्हणते, माझं चुकलं. खोटारडी माणसं पकडली गेल्यावर माफी मागतात. आधी कोण मागतं?

इथे सगळं ठीक. तिसरा मजला, त्यामुळे वारा भरपूर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते आणि खाली कपडे धुणाऱ्याचं दुकान. इस्त्रीवाला मान वर करून बघत नाही, पण त्याची ओळख झाल्यासारखी वाटते.

पाकीट हेच ऑफिसला जाताना टाकतात, म्हणून पत्र उघडंच त्यांच्या हाती देते. ते वाचून, शुद्धलेखन बघून मग चिकटवतात. मास्तरीण मी आणि तपासायचं यांनी, अशी आमच्या घरची तऱ्हा. कादंबरी मात्र चाळतसुद्धा नाहीत. खोट्या गोष्टींत वेळ घालवायला त्यांना आवडत नाही.

पुढचा भाग लवकर पाठवा.

तुमची,
मास्तरीण

२२ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

कोपरे तपासले. पास.

दुसरा भाग सोबत आहे आणि आता तुझी पंचाईत होणार आहे, कारण हा भाग नवरा सांगतो. सगळ्या गोष्टी त्याच, पण त्याच्या तोंडून. कात्री तिनंच न्हाणीघरात नेली होती, त्यानं पाहिलं होतं, पण तिला लाज वाटू नये म्हणून तो बोलला नाही. किती संयम त्या माणसाचा. वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी रडणाऱ्यांतली नाही हे तुला माहीत आहे.

खरं सांगू, मला बापूच आठवला. तोही असाच. आई लवकर गेली, मी त्याला वाढवला असं लोक म्हणतात, पण सांभाळायचा तोच मला. तेव्हापासूनच मोठ्या माणसासारखं वागणं, म्हणून तर त्याचं नाव बापू पडलं. माझं सारखं काहीतरी हरवायचं. कंपासपेटी, रिबिनी, एकदा तर चपलेचा एकच पाय. घर उलथंपालथं करून मी रडायला लागले की बापू शांतपणे ती वस्तू आणून द्यायचा. म्हणायचा, ताई, तू ठेवतेस आणि विसरतेस. वडील त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि मला विसरभोळी म्हणायचे. ते नाव मला अजून चिकटलेलं आहे. गंमत अशी की कारखान्यात इतक्या वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे गेलेलं नाही. घरीच काय व्हायचं कुणास ठाऊक.

तुझं पत्र तो वाचतो यात मला तरी काही वावगं दिसत नाही. ज्या नवऱ्याला बायकोच्या ऱ्हस्व-दीर्घाची काळजी, तो तिची किती काळजी घेत असेल.

मत लिही. या वेळी बाजू बदलावी लागेल बघ.

तुझी,
ताई

६ मार्च

प्रिय ताई,

दुसरा भाग वाचला. उशीर झाला, कारण मध्येच चष्मा सापडत नव्हता. हे शोधून देत होते.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. वाचताना मी त्याच्या बाजूला गेले. तो इतकं नीट सांगतो की त्याच्या बाजूला न जाणं अवघड आहे. तिच्या भागात मी प्रत्येक वाक्याला विचारत होते, हे खरं असेल का? त्याच्या भागात तो प्रश्नच मनात आला नाही. नंतर या गोष्टीचं मला वाईट वाटलं. तिला विश्वास मिळवावा लागतो आणि त्याला तो बसल्या जागी मिळतो. म्हणून माझं मत अजून बदललेलं नाही, फक्त आवाज थोडा लहान झालाय असं समजा.

एक गोष्ट मात्र कादंबरीत खटकली. तिच्याकडे कुणी येतच नाही. माहेरचं नाही, सासरचं नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात लेखकाला एक पाहुणा सुचू नये? कुणी आलं असतं तर निदान कात्री कुठे आहे ते तिसऱ्या माणसाला दिसलं असतं.

तुम्ही कधी येता इकडे? हे म्हणतात तुमचा कामाचा हंगाम आहे, भरीला पाडू नकोस. तरी विचारते. बिछाना वगैरे सगळं आहे.

तुमची,
मास्तरीण

१३ मार्च

प्रिय मास्तरीणबाई,

बापूचं बरोबर आहे. शाळेच्या पुस्तकांचा ढीग छातीपर्यंत आलाय आणि मालक रजेचं नाव काढू देत नाही. येईन, पण आता नाही. तोवर माझ्याऐवजी कादंबरीतल्या शेजारणीला भेट. तुझी तक्रार लेखकानं ऐकली, तिसऱ्या भागात पाहुणी येते. समोरच्या घरात राहायला आलेली, चौकस, नाक खुपसणारी. ती दोघांनाही बघते आणि तिला काय दिसतं ते मी सांगणार नाही.

चष्म्याला दोरी लाव. तुला माझं वारं लागलेलं दिसतंय.

तुझी,
ताई

३० मार्च

प्रिय ताई,

तिसरा भाग परत करते आहे. उशिराबद्दल माफ करा.

माझं मत बदललं. तुमचंच खरं होतं. तो नवरा चांगला आहे, ती बाईच गोंधळलेली आहे, आणि तिसऱ्या भागात हे स्पष्ट होतं.

मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण म्हणजे तो कामाला जाताना दार बाहेरून लावून जातो ते. तिला आधी राग येतो. मग तो समजावतो की तू गॅस चालू ठेवून खाली निघून जाशील, तुझ्याच भल्याचं आहे. त्यानं दाराला नवा कोयंडा स्वतःच्या हातांनी बसवला, सुताराला बोलावलं नाही, कारण घरची गोष्ट घरात राहावी. फोनची वायर तो बॅगेत घालून ऑफिसला नेतो, कारण ती फोनवर काहीबाही बोलून लोकांना काळजीत टाकते. हे सगळं लेखकानं फार बारकाईनं लिहिलंय. संध्याकाळी तो आल्यावर दार उघडतं तेव्हा तिला बरंसुद्धा वाटतं. मला हे पटलं.

आणि ते पान, जिथे ती विचार करते की या दारातून आता फक्त नवऱ्याची बहीण येऊ शकेल, कारण इतरांना तो बाहेरच्या बाहेर वाटेला लावेल, पण तिला नाही लावू शकणार. ती बहिणीची वाट बघते. वाट बघण्याचं ते वर्णन मी दोनदा वाचलं. शेवटच्या भागात ती बहीण येते का, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

ह्यांनी हे पत्र वाचलं. विचारलं, पुस्तकात खरंच असं आहे? मी म्हटलं, हो, तिसऱ्या भागात. म्हणाले, लेखक समंजस माणूस दिसतो.

चौथा भाग पाठवा.

तुमची,
मास्तरीण

६ एप्रिल

प्रिय मास्तरीणबाई,

तुम्हाला नापास करताना मला अतोनात आनंद होतो आहे.

शरण आलीस हे वाचून मी कारखान्यात मोठ्यानं हसले. पण पुढे वाचलं आणि कपाळाला हात लावला. अगं, तू वाचलंस काय? तिसरा भाग माझ्यासमोर आहे. मी तो पानन् पान पुन्हा पाहिला, पानांच्या शिवलेल्या घड्या, म्हणजे फर्मे, मोजले, एकही पान गहाळ नाही. यात दाराला बाहेरून कुलूप कुठेही नाही. नवा कोयंडा नाही. फोनची वायर नाही. आणि नवऱ्याची बहीण तर अख्ख्या कादंबरीत नाही, तो एकुलता एक आहे, पहिल्याच भागात तसं लिहिलंय. तू दुपारी डुलकी काढलीस आणि स्वप्नातलं प्रकरण मला लिहून पाठवलंस. शेजारणीबद्दल मात्र एक ओळ नाही, आणि तिसरा भाग तर सगळा तिचाच आहे.

नियम म्हणजे नियम. खरं मत येईपर्यंत चौथा भाग मिळणार नाही. तिसरा परत पाठवते आहे, नीट वाच. तुझी चिडचिड व्हावी म्हणून सांगते, शेवट मी काल संपवला. पहिल्या पत्रातलं माझं मत आठवतंय ना? ते आठवून ठेव.

बापू, तूही हे वाचतोच आहेस, तर हिला जरा लवकर झोपायला सांग. गोष्टीत नसलेली कुलपं हिला दिसायला लागली आहेत.

तुझी,
ताई

१९ एप्रिल

प्रिय ताई,

या वेळी मी लिहितो आहे. तुझं पत्र मिळालं, आणि बरं झालं तू एवढ्या बारकाईनं लिहिलंस. नाहीतर मला कळलंच नसतं.

तुला काळजी वाटू नये म्हणून आजवर बोललो नाही, पण तिची तब्येत बरी नाही. गोष्टीतलं आणि घरातलं यांत तिला फरक करता येत नाही. तू कुलपाबद्दल लिहिलंस. तशी थोडी खबरदारी मी घेतो, पण ती तिच्याच भल्यासाठी. तिनं ते तुला कादंबरी म्हणून सांगावं याचं वाईट वाटलं. मी तिला काही बोललो नाही. मी कधीच बोलत नाही. नुसता शेजारी बसून राहतो आणि तिला स्वतःला कळेपर्यंत थांबतो.

आता तिला पूर्ण विश्रांती हवी. पुस्तकं, पत्रं नकोत. तसाही तिनं चष्मा पुन्हा कुठेतरी ठेवला आहे आणि विसरली आहे. मी शोधतोच आहे, मिळेल. तू तर जाणतेस, विसरभोळ्या माणसासोबत राहायची मला लहानपणापासून सवय आहे.

तिच्याकडून उत्तराची वाट बघू नकोस. कानांची काळजी घे.

तुझा,
बापू

२४ एप्रिल

प्रिय बापू,

तुझं पत्र वाचलं. जिवाला घोर लागला, पण तू आहेस म्हणून निश्चिंत आहे. तू म्हणतोस तसंच कर. मी आता पुस्तक पाठवणार नाही आणि पत्रही लिहिणार नाही. माझ्याच कादंबरीनं तिचं डोकं फिरवलं असं वाटतं.

यायचं मनात होतं, पण इथे काम इतकं आहे की वर्षभर तरी जमेल असं दिसत नाही. तेव्हा माझी वाट बघू नका. तिला सांग, ताईनं सांगितलंय, बापूचं ऐकायचं.

ऑफिसच्या वेळा अजून त्याच आहेत का? जेवण चुकवत जाऊ नकोस.

तुझी,
ताई

९ मे

प्रिय ताई,

हे कुणाला सांगावं कळत नाही म्हणून तुला सांगतो. ती घरात नाही.

मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. मी माझ्या किल्लीनं उघडलं. दुसरी किल्ली नाहीच. खिडक्यांचे गज शाबूत आहेत. आत गॅस बंद, दिवे बंद, भांडी घासून पालथी घातलेली, आणि ती नाही. पलंगाखाली, माळ्यावर, सगळीकडे बघितलं. तिची एक पिशवी नाही. आणि मी ऑफिसातल्या खणात ठेवलेला चष्मा तिथेच आहे, म्हणजे ती चष्म्याशिवाय गेली आहे.

इमारतीत कुणाला विचारू शकत नाही. काय विचारणार? इस्त्रीवाल्याला विचारलं तर म्हणतो, दुपारी एक बाई दुरुस्तीला आल्या होत्या, एवढंच.

कुलूप मी रात्रभर हातात घेऊन बसलो होतो. त्यावर साधा ओरखडाही नाही. ताई, मला काहीच सुचत नाही. तू लहानपणापासून मला ओळखतेस. मी काय चुकीचं केलं?

तुझा,
बापू

१५ मे

बापू,

दुरुस्तीला आलेली बाई मीच.

तू कोयंडा स्वतःच्या हातांनी बसवलास. सुताराला बोलावलं असतंस तर त्यानं सांगितलं असतं की स्क्रूची डोकी बाहेरच्या बाजूला ठेवायची नसतात. हातानं करायची कामं तुला कधी जमली नाहीत. मशीनची पाती बदलायचा स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीत असतोच. कोयंडा कुलपासकट उतरवला, दार उघडलं, तिला बाहेर घेतलं, दार लावलं आणि कोयंडा होता तसा परत बसवला. आमच्या धंद्यात पुस्तक फाडत नाहीत, उसवतात, म्हणून माग राहिला नाही. आधी चौकीवर जाणार होते. मग वाटलं, तू त्यांना शांतपणे समजावशील आणि ते तुझ्या पाठीवर थाप मारून जातील.

तू विचारलंस, काय चुकलं. तुझं एप्रिलचं पत्र मी त्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाशेजारी ठेवलं. तू तर ती चाळलीसुद्धा नाहीस. तरी तोच संयम, तेच न बोलणं, तेच शेजारी बसून राहणं. नवऱ्याच्या त्या भागावर मी रडले होते. आणि मग ती ओळ, 'चष्मा विसरली आहे, मी शोधतोच आहे.' बापू, माझी कंपासपेटी मी कधीच विसरले नव्हते ना? रिबिनी, चप्पल, काहीच नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला स्वयंपाकघरात उभं राहून हे कळलं. मी आयुष्यभर घराबाहेर पडताना तीनदा मागे वळून कडी बघते. लग्न नको म्हटलं, कारण माझ्यासारख्या विसरभोळीच्या हातून मूल कुठेतरी राहून जाईल, अशी मला भीती वाटायची. तू तेव्हा पोर होतास, म्हणून त्या वेळचं तुला माफ. आत्ताचं नाही.

आणि तिनं जीव मुठीत धरून जे मला लिहिलं, ते मी तुझ्याच हातात नेऊन दिलं. चूक काढायच्या हौसेनं. त्याचा हिशेब माझा मी बघेन.

ती माझ्याकडे नाही. शोधायला येऊ नकोस. माझ्या दारालाही कडी आहे, आणि तिच्या स्क्रूंची डोकी आतल्या बाजूला आहेत.

ताई

२० जून

प्रिय ताई,

हे पत्र मी स्वतः चिकटवलं आणि स्वतः पेटीत टाकलं. पेटीपर्यंत जाऊन आले, हेच आधी सांगायचं होतं. दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा टाकलं.

शाळा बरी आहे. मुलींच्या वसतिगृहातली खोली मिळाली आहे. मुख्याध्यापिका माझ्या जुन्या शाळेतल्या, त्यांनी काहीही विचारलं नाही. नवा चष्मा लागला. मुली मला 'बाई' म्हणतात, आणि पहिल्या दिवशी त्यांनी हाक मारली तेव्हा मी म्हटलं, माझं चुकलं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

खोलीच्या दाराला कडी आतून आहे. ती मी अजून लावलेली नाही. बंद दाराच्या आत बसणं जमत नाही आणि उघड्या दारातून बाहेर जाणंही पटकन जमत नाही. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमाराला कान जिन्याकडे लागतात. कुणी उघडायला येईल असं वाटतं. कुणी यायचंच नाहीये, हे रोज स्वतःला समजवावं लागतं.

तुमचं ते पत्र, मी येणार नाही म्हणून लिहिलेलं, ह्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. शांतपणे. वाचून घडी घातली आणि म्हणाले, आता तरी तुला बरं वाटेल, वाट बघायचं कारण राहिलं नाही. मला ते खरं वाटलं, ताई. तुम्ही तसं लिहायलाच हवं होतं, हे आता कळतं. पण ते दिवस मी कसे काढले ते मी कुणालाही सांगणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. त्याआधी तुम्ही मला नापास केलंत, त्याचा राग आहे. तो जाईल. सध्या असू द्या.

दारावर स्क्रूड्रायव्हरचा आवाज ऐकला तेव्हा मी न्हाणीघरात लपले होते. मला वाटलं, हे आणखी एक कडी बसवताहेत.

आता मत. निघताना तुम्ही चौथा भाग माझ्या पिशवीत सरकवलात आणि म्हणालात, मताशिवाय दिला, या वेळी नियम मोडला. मी तो बरेच दिवस उघडला नाही. परवा वाचला.

शेवटी बायकोच खोटारडी निघते. सगळं तिनंच केलेलं असतं. कात्री, भीती, अडखळणं, आधीच मागितलेली माफीसुद्धा. नवरा बिचारा खरोखरच चांगला असतो. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं तसंच. पैज असती तर तुम्ही जिंकला असतात. मी भाग मिटवला. वाटलं, हे वाचल्यावर आता माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?

मग तुमचं सहा एप्रिलचं पत्र आठवलं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, शेवट मी काल संपवला.

म्हणजे हा शेवट तुम्हाला आधीच माहीत होता. तुमचंच बरोबर ठरलं होतं, पुस्तक तुमच्या बाजूनं होतं, भाऊ तुमचा होता. आणि तरी तुम्ही पिशवीत स्क्रूड्रायव्हर टाकून गाडीत बसलात.

चौथ्या भागाबद्दल माझं एवढंच मत आहे. भाग सोबत परत करते आहे, निघताना पिशवीत घातलेला तिसराही. चारही एकत्र शिवून टाका, आणि दुसरं एखादं पाठवा.

तुमची,
मास्तरीण